जुन्या आउटबोर्डचं टायमिंग लावताना या चुका टाळा

नारळी पौर्णिमा जवळ आली की होडीच्या मागे लावायची, पावसाळाभर झाकून ठेवलेली आउटबोर्ड इंजिनं बाहेर निघतात. दोरी दहा-पंधरा वेळा ओढूनही इंजिन धरत नाही, धरलं तर फटाफट मागे उडतं. मग कोणीतरी म्हणतं, "टायमिंग गेलंय," म्हणजे ठिणगी पडायची वेळ चुकली, आणि लगेच पाना हातात घेतला जातो.

सगळ्यात महागाची चूक इथेच होते. ठेवल्या जागी टायमिंग आपोआप सरकत नाही. पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांची, गॅप बदललेली असते, नाहीतर फ्लायव्हील (वरचं जड चाक) शाफ्टवर नेमकं बसवणारी छोटी चावी कापली गेलेली असते, नाहीतर थ्रॉटलची लिंक झिजलेली असते. मूळ कारण तसंच ठेवून पॉइंट बसवलेली प्लेट फिरवली तर एका बिघाडावर दुसरा चढतो. मग भर समुद्रात इंजिन बंद पडलं की ओहोटीचं पाणी होडीला कुठे नेईल, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

गॅप आधी, टायमिंग नंतर

पॉइंट उघडतात त्याच क्षणी ठिणगी पडते. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी लवकर पडते. गॅप कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. म्हणून टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावलात तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या अनेक जुन्या मॅग्नेटो (फ्लायव्हीलच्या चुंबकावर ठिणगी तयार करणाऱ्या) इंजिनांत ही गॅप 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर असते. तुमच्या इंजिनाचा आकडा मात्र त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या होडीवरून नको.

पॉइंटची टाच (कॅमला टेकणारा भाग) कॅमच्या, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्याच्या, सगळ्यात उंच भागावर असतानाच गॅप मोजा. गॅप मोजायच्या पातळ पट्टीला, म्हणजे फिलर गेजला, तेल लागलेलं असेल तर ते पॉइंटवर उतरतं आणि ठिणगी कमजोर होते. मोजून झाल्यावर कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटमधून ओढून घ्या. पॉलिश पेपरने पॉइंट घासायची सवय सोडा, त्याचे कण आतच अडकून राहतात. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्ही पॉइंटची गॅप सारखी हवी. नाहीतर एक सिलिंडर पुढे आणि एक मागे पडतो, आणि प्लेट कितीही फिरवली तरी दोघांचं जमत नाही.

पिस्टन वर आला, हे डोळ्यांनी ठरवू नका

प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून "आता वर आला" म्हणणारे खूप आहेत. पण सगळ्यात वरच्या टोकाशी पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो. 50 मिलिमीटर स्ट्रोक आणि 100 मिलिमीटर कनेक्टिंग रॉड धरून हिशेब केला तर टोकापासून 5 अंश दूर असतानाही पिस्टन फक्त 0.12 मिलिमीटर खाली गेलेला असतो. हाताला एवढा फरक कळत नाही, आणि टायमिंगमध्ये 5 अंश म्हणजे फार झालं. शिवाय स्क्रूड्रायव्हर अडकून पिस्टनचा माथा ओरखडला जातो तो वेगळाच.

खात्रीची रीत अशी: प्लगच्या जागी पिस्टन-स्टॉप, म्हणजे पिस्टनला वर येताना अडवणारा बोल्ट, बसवा. फ्लायव्हील हाताने सावकाश एका दिशेला फिरवा, अडलं तिथे खूण करा. मग उलट दिशेला फिरवून दुसरी खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरं टोक. फ्लायव्हीलवर अंशांच्या रेघा नसतील तर परिघ मोजून 360 ने भागा. 180 मिलिमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलवर एक अंश साधारण 1.57 मिलिमीटरचा येतो.

आता चावीबद्दल. फ्लायव्हीलला खरी पकड शाफ्टच्या निमुळत्या भागाची असते, चावी फक्त जागा दाखवते. त्या निमुळत्या भागाला ग्रीस लावू नका. दोन्ही बाजू पुसून कोरड्या ठेवा आणि नट टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याइतका आवळा. ढिल्या नटामुळे चावी अर्धवट कापली जाते. इंजिन चालतं, पण टायमिंग सरकलेलं असतं, आणि माणूस कार्ब्युरेटर उघडत बसतो. फ्लायव्हील काढायला पुलरच वापरा, हातोडी नको.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून खुणा दाखवणारा दिवा) लावून तपासताना इंजिन कोरडं चालवू नका. पंपाचा रबरी इम्पेलर पाण्याविना लगेच खराब होतो. पिंपात किंवा पाइप लावूनही फुल थ्रॉटल देऊ नका, भार नसल्याने फेरे हाताबाहेर जातात. पूर्ण ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी जास्तीत जास्त लवकर पडते ती स्थिती, तपासायचा तर होडी खाडीत भक्कम बांधून, पंखा पाण्यात ठेवून आणि फ्लायव्हीलपासून कपडे-हात लांब ठेवून तपासा. कार्ब्युरेटरची लिंक जुळवायची ती त्यानंतर.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाला पेट्रोलच्या मॉडेलचा टायमिंगचा आकडा लावू नका. रॉकेलचा ऑक्टेन (अवेळी पेटण्याला रोखायची ताकद) कमी असतो, त्यामुळे ठिणगी जास्त लवकर पडली तर ठोके बसतात आणि पिस्टनला भोक पडू शकतं. "थोडं पुढे घेतलं की जोर येतो" हे ऐकून टायमिंग पुढे ढकलणं मला अजिबात मान्य नाही.

पहिल्या फेरीनंतर प्लग काढून बघा. चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते कण दिसले तर पुढची फेरी मारू नका. पॉइंट नवीन असतील तर टाच कॅमवर बसताना थोडी झिजते आणि गॅप मिटत जाते. आठ-दहा फेऱ्यांनंतर ती पुन्हा मोजा. मोजलेला आकडा आणि तारीख कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.