कॉग्निटिव्ह सायन्स शिकायला परदेशी येताय? मग हे आधी वाचा

दरवर्षी आपल्याकडची मुलं या विषयाला येतात आणि नेमकी त्याच त्या ठिकाणी अडखळतात, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. व्हिसा, खोली, बँक खातं यांची माहिती विद्यापीठाच्या कार्यालयातच विचारा. सीनियरांच्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नका.

कॉग्निटिव्ह सायन्स म्हणजे मन आणि बुद्धी कशी चालते याचा अभ्यास. विषयाचा पसारा मोठा आहे: मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, मेंदूविज्ञान, मानवशास्त्र आणि एआय. आपली बरीच मुलं नोकरीच्या धास्तीने सगळे ऐच्छिक विषय मशीन लर्निंगचेच, म्हणजे डेटावरून संगणकाला शिकवण्याचेच, घेतात. मला हे पटत नाही. तेवढंच हवं तर कॉम्प्युटर सायन्सला जावं. उलट सगळ्यातलं थोडं थोडं चाखणाऱ्याला प्रबंधाच्या वेळी गाईड मिळताना मारामार होते. पहिलं वर्ष संपेपर्यंत एक शाखा आपली म्हणून धरा. संख्याशास्त्र कुणालाच चुकत नाही.

सेमिनारमध्ये बोला. गप्प बसलात तर इथे कुणाला तो आदर वाटत नाही, वाचून आला नाहीत असंच वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन नीतीला धरून आहे ना हे तपासणाऱ्या समितीची, लेखी मंजुरी हातात पडेपर्यंत एकाही माणसावर प्रयोग करू नका. रूममेटवर नाही, मैत्रिणीवरही नाही. आमच्यातल्या एका मुलीने ‘ओळखीचेच तर आहेत’ म्हणून आधीच चाचण्या उरकल्या. मंजुरी आली, पण ती पुढच्या चाचण्यांपुरती. आधीचा सगळा डेटा बाद. प्रबंध लांबला, पुन्हा फी भरावी लागली, व्हिसाची मुदत वाढवताना तोंडचं पाणी पळालं. मंजुरीला आठवडे लागतात, म्हणून अर्ज आधी, बाकी सगळं नंतर.

आणि किती लोक घेणार, कुणाचा डेटा वगळणार, हेही आधीच लिहून ठेवा, म्हणजे निकाल पाहून सोयीने ठरवलं असं कुणी म्हणणार नाही. 2015 साली मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत ठोस निष्कर्ष हाती लागला. त्यामुळे परीक्षक आता हे विचारतातच.

स्क्रीनवरचा प्रयोग स्वतः बसून तपासा. साधा स्क्रीन सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची. शब्द 20 मिलिसेकंद दाखवा असं कोडमध्ये लिहिलंत, तरी तो एक फ्रेम दिसेल किंवा दोन. वेळ फ्रेममध्येच मोजा.

शेवटचं मनापासून सांगतो, मराठी लपवू नका. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवून दिलं की मानवी वर्तनावरचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य समाजातल्या लोकांवरून काढलेले आहेत. आपल्याकडे ‘मुलगा चिठ्ठी वाचतो’ यात क्रियापदाचं रूप मुलाप्रमाणे ठरतं, ‘मुलाने चिठ्ठी वाचली’ यात चिठ्ठीप्रमाणे. ‘मी चिठ्ठी वाचली’ म्हणताना तर ‘ने’सुद्धा नसतो. ऐकणारा हा हिशेब वाक्य चालू असतानाच कसा लावतो, यावर उत्तम प्रबंध होईल. आपली मुलं मात्र इंग्रजीवरच काम करायला धावतात, याचं वाईट वाटतं. गाईडकडे हा विषय घेऊन जाताना दहा-बारा वाक्यांच्या जोड्या शब्दशः अर्थासकट लिहून न्या, आणि एथिक्स कमिटीच्या अर्जाला प्रयोगात भाग घेणाऱ्यांसाठीचं संमतीपत्र मराठीत व इंग्रजीत, दोन्ही जोडा.