भाताचा बुटकेपणा कुठल्या जीनमुळे आलाय ते घरी कसं तपासायचं

मावळातला जुना उंच आंबेमोहर लोंबी भरली की परतीच्या पावसात लोळतो, नि लोळला की दाणा चिखलात. बुटका भात लोळत नाही, खत पचवतो. १९६६ च्या आयआर ८ या बुटक्या भाताच्या वाणात हा गुण तैवानच्या डी-जिओ-वू-जेन वाणातून आला, जीनचं नाव एसडी १, पहिल्या क्रोमोसोमवर. जिबरेलिन (रोपाची उंची वाढवणारं संप्रेरक) बनवायला लागणारं एक एन्झाइम या जीनमुळे तयार होतं, जीन बिघडला की जिबरेलिन कमी पडतं आणि पेरं आखूड राहतात. लोंबीत मात्र त्याच कामाचा दुसरा जीन चालू असतो त्यामुळे दाण्याला धक्का लागत नाही, मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

पण बुटकं दिसलं की एसडी १ च असं समजू नका, डी १ सारखा दुसरा जीन बिघडला तर जिबरेलिन असतं पण रोपाला ते नीट कळतच नाही, आणि त्यात दाणाही बारका होतो.

म्हणून आधी ट्रे टेस्ट करा. बी भिजवून मोड आणा, उंच आणि बुटक्या वाणाचे दोन-दोन ट्रे लावा, दोन पानं आली की प्रत्येकाच्या एका ट्रेवर जीए ३ फवारा (हे जिबरेलिनच, द्राक्षवाले वापरतात तेच), १० मिलिग्रॅम आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग लिटरभर पाण्यात, कारण थेट पाण्यात ते नीट विरघळत नाही. आठवड्याने दुसऱ्या पानाचं आवरण (पानाचा खोडाला वेढणारा खालचा भाग) पट्टीने मोजा आणि त्याच वाणाच्या न फवारलेल्या ट्रेशी ताडून बघा. बुटका ताडकन वाढून उंचाच्या जवळ गेला तर एसडी १ ची शक्यता धरा, ढिम्म राहिला तर डी १ सारखं काहीतरी. चारही ट्रे सारख्या उन्हात ठेवा हं, गेल्या वर्षी माझे दोन ट्रे बाल्कनीच्या सावलीत राहिले, रोपं उजेडासाठी लांबली आणि सगळी मापं फुकट गेली.

पक्कं करायचं तर बुटक्या वाणाचा संकर करा. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या फुलांची टोकं कापून चिमट्याने सहाही परागकोश काढा, एकही राहिला तर स्वपरागण होतं, बटर पेपरची पिशवी घाला, सकाळी दुसऱ्याचा पराग झटका. उंच वाणाशी केलात तर पहिली पिढी उंच, दुसरीत ६० रोपांत साधारण १५ बुटकी. आणि आयआर ८ शी केलात तर पहिल्याच पिढीत कळतं, बुटकी आली तर जीन तोच, उंच आली तर दुसरा.