जीवनसत्त्वांची कमतरता: आधी खुणा, मग रक्ततपासणी, गोळी त्यानंतर

नखांवर पांढरे ठिपके दिसले की कॅल्शियम कमी, असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. बहुतेक वेळा नखाच्या मुळाला बारीकसा मार लागलेला असतो. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे ठिपका वर दिसेपर्यंत तो मार कुणाच्या लक्षातही नसतो. मी आहाराचा सल्ला देते, आणि असल्या समजुतीवर महिनोन्महिने गोळ्या खाल्लेली माणसं मला सतत भेटतात.

पायरी १. दिवसाच्या उजेडात, नेलपॉलिश काढून, जीभ, हिरड्या, ओठांचे कोपरे, खालच्या पापणीची आतली बाजू आणि नखं बघा.

पायरी २. काय दिसलं, कधीपासून आहे आणि कोणती औषधं चालू आहेत ते लिहून काढा. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि रोजची ॲसिडिटीची गोळी दीर्घकाळ घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून ही यादी महत्त्वाची.

पायरी ३. खुणेचा अर्थ लावा. गाडी अडते ती इथेच. सुरुवातीला मलाही हे जड गेलं होतं, कारण एका खुणेसमोर एक जीवनसत्त्व लिहिलेले तक्ते सगळीकडे मिळतात आणि शरीर तसं वागत नाही. ओठांचे कोपरे चिरतात ते बी-२, बी-६, बी-१२, फोलेट (म्हणजे बी-९, गोळीत असतं ते फोलिक ॲसिड) किंवा लोह यांपैकी काहीही कमी झाल्यावर, शिवाय बुरशीने किंवा नीट न बसणाऱ्या कवळीनेही. हिरड्यांतून रक्त येण्याचं नेहमीचं कारण दातांवरचा थर. सी-जीवनसत्त्वाची शंका घ्यायची ती सोबत जखमा भरत नसतील, सहज काळेनिळे डाग पडत असतील आणि केसांच्या मुळांभोवती लाल ठिपके असतील तेव्हा. कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, खाली बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, अशा वेळी डी-जीवनसत्त्व तपासून घ्यावं.

बी-१२बद्दल मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. जिभेवरचे बारीक उंचवटे झिजून ती गुळगुळीत, लालभडक होते, तिखट-खारट झोंबतं. तळपायांना मुंग्या येतात, नावं आठवायला वेळ लागतो. ‘बी-कॉम्प्लेक्स सुरू करा, बरं वाटेल’ हा सल्ला अशा माणसाला सर्रास दिला जातो. तपासणीआधी तो कृपा करून ऐकू नका. गोळीतल्या बी-१२मुळे रक्तातला आकडा वर जातो आणि खरी कमतरता झाकली जाते. नुसतं फोलिक ॲसिड घेणं त्याहून वाईट: रक्तक्षय सुधारतो, थकवा जातो, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं आणि फार उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण त्याने थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात.

रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ‘नॉर्मल’ दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असली तर सरासरी बरोबर मधे येऊन बसते. तेव्हा आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक, वाढलाय का ते बघा आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) व बी-१२ दोन्ही करून घ्या.

पायरी ४. ताट बदला. लोहासाठी डाळी, पालेभाज्या, मांस. सोबत लिंबू किंवा पेरू, आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब. गाजर, भोपळ्यातलं ए-जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल-तूप हवं. सी-जीवनसत्त्व शिजवताना बरंच जातं, म्हणून रोज काहीतरी कच्चं खा. बी-१२ मांस, मासे, अंडी आणि दुधात असतं. हे काहीच खात नसाल तर बी-१२ मिसळलेले पदार्थ किंवा गोळी कायम लागेल. स्पिरुलिनावर विसंबू नका, त्यातलं बहुतेक बी-१२ शरीराला वापरता येत नाही. डी-जीवनसत्त्व नुसत्या अन्नातून भरून निघणं कठीण असतं, पण त्याचे मोठे डोस मनाने घेऊ नका. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

पायरी ५. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून फेरतपासणी तीनेक महिन्यांनी. आठवड्याभरात आकडे शोधण्यात अर्थ नाही. मात्र मुंग्या वर सरकत असतील, चालताना तोल जात असेल किंवा संधिप्रकाशात दिसेनासं झालं असेल, तर ताट बदलत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.