आधी वॅट विचारा, मग स्क्रू काढा

गेमिंग लॅपटॉप घेऊन येणारं गिऱ्हाईक इंदूरमध्ये बहुधा एकच वाक्य बोलतं: "भिया, चार्ज नी हो रिया." मराठी घरातला मुलगाही काउंटरवर आधी हेच म्हणतो. समोरचा आपला माणूस आहे हे कळलं की मग "दादा, जरा लवकर बघा ना, सबमिशन आहे" वर येतो. आयटीआय किंवा डिप्लोमा करून या कामात नवे येणारे हे वाक्य ऐकतात आणि स्क्रूड्रायव्हर उचलतात. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलच्या बाजूला ज्या काकांकडे मी हे काम शिकलो, ते हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी त्याला विचार, नेमकं काय होत नाही?"

कारण या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. चार्जर लावूनही लॅपटॉप पूर्ण बंद आहे, ही एक. लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही, ही दुसरी. तिसरी म्हणजे बॅटरी एरवी भरते, पण गेम सुरू केला की चार्जर लावलेला असतानाही उतरत जाते. ही तिसरी खास गेमिंग लॅपटॉपची, आणि हिच्यात बऱ्याचदा बिघडलेलं काहीच नसतं.

इथे हिशेब वॅटचा आहे. साध्या लॅपटॉपला ६५ वॅटचा अडॅप्टर पुरतो. गेमिंग मशीनला १८०, २३०, २८०, अगदी ३३० वॅटचाही लागतो. ग्राफिक्स चिप एकटीच १४० वॅट ओढणारी असेल, प्रोसेसर त्याच वेळी ८०-९० घेत असेल आणि वर स्क्रीन, पंखे, एसएसडी असतील, तर २३० ची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. अशा वेळी कमी पडणारे वॅट बॅटरीतून घ्यायचे, अशी रचना पुष्कळ मशीनमध्ये मुद्दाम केलेली असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बीक्यू२४७८०एस या चार्जिंग आयसीत, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपमध्ये, ही सोय आहेच. म्हणून गेम खेळताना चार्ज १०० वरून थोडा उतरून स्थिरावला, तर तो दोष मानू नका. सरळ खाली येत राहिला, तर अडॅप्टर कमी वॅटचा आहे किंवा लॅपटॉप त्याला कमी वॅटचा समजतोय.

पहिलं कारण रोज दिसतं. सिमरोलला आयआयटीत किंवा एसजीएसआयटीएस या इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा मुलगा वीटभर वजनाचा मूळ अडॅप्टर खोलीवर ठेवतो आणि बॅगेत मोबाइलचा टाइप-सी चार्जर घेऊन फिरतो. टाइप-सीवर बराच काळ कमाल १०० वॅट मिळायचे. २०२१ मध्ये ही मर्यादा २४० वर नेली गेली, पण त्यासाठी लॅपटॉप, अडॅप्टर आणि केबल तिघांनीही ती मानायला हवी. केबलचंच बघा: ६० वॅटच्या पुढे जायचं तर पाच अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. साधी केबल लावली की शंभरचा चार्जरही साठवर थांबतो. म्हणून गिऱ्हाइकाला लॅपटॉपबरोबर रोजच्या वापरातला चार्जर आणि केबलही आणायला सांगा.

दुसरं कारण मल्टिमीटरला दिसत नाही. डेल आणि एचपीच्या गोल पिनच्या अडॅप्टरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यावरून लॅपटॉप अडॅप्टरची ओळख पटवतो. ती वाकली किंवा तिची तार केबलच्या मानेशी तुटली, तरी कड्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये १९.५ व्होल्ट नीट येतात. मीटर म्हणतो सगळं ठीक, लॅपटॉप मात्र बॅटरी भरणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग पाडून बसतो. अशा वेळी बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचं सेटिंगचं पान, उघडा. बऱ्याच मशीनमध्ये तिथे अडॅप्टर किती वॅटचा ओळखला गेला ते लिहिलेलं असतं. बोर्ड उतरवायच्या आधी एवढं वाचायला काय जातं?

बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांवर अडकली असेल, तर लेनोवो व्हँटेज किंवा मायआसूस असं कंपनीचं अ‍ॅप उघडून चार्जची मर्यादा लावली आहे का बघा. कित्येकदा ती मोठ्या भावाने लावलेली असते आणि धाकट्याला पत्ता नसतो. यासाठी पैसे घ्यावेत का, यावर आमच्या गल्लीत मतभेद आहेत. मी घेत नाही. तोच मुलगा पुढे रॅम टाकायला आपल्याकडेच येतो.

बॅटरीवर संशय असेल तर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी शेजारी मिळतात. ९०,००० मिलिवॅट-तासांची बॅटरी ४५,००० वर आली असेल, तर वेगळं निदान करायला नको. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेला असला, तर चार्जर लावूनही बघू नका. ती टोचू-दाबू नका, आधी वेगळी करा.

आता पूर्ण बंद मशीन. अडॅप्टर रिकामा मोजून १९.५ आले म्हणजे तो चांगला, असं नव्हे. लोड पडला की ज्यांचं व्होल्टेज कोसळतं असे अडॅप्टर ढिगाने असतात. इलेक्ट्रॉनिक लोड, म्हणजे हवा तेवढा करंट ओढून बघायचं यंत्र, नसेल, तर त्याच वॅटच्या चालू मशीनवर लावून बघा. मग जॅक. २० व्होल्टवर २३० वॅट म्हणजे साडेअकरा अँपिअर. एवढा करंट ज्या सांध्यातून जातो तिथे नुसता ०.१ ओहमचा अडथळा आला तरी तेरा वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे बारीक सोल्डरिंग आयर्नच. ढिल्या जॅकभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडतं ते यामुळे. आधी डोळ्यांनी बघा, वास घ्या.

बोर्डाला हात लावण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढा. दर वेळी काढा. मग जॅकपासून करंटच्या वाटेने पुढे जा: दोन मॉसफेट (करंटचे इलेक्ट्रॉनिक स्विच), त्यांच्याजवळ आर००५ किंवा आर०१० लिहिलेला करंट मोजणारा रेझिस्टर, आणि त्यापुढे सगळ्या बोर्डाला वीज पुरवणारी मेन लाइन. पहिल्या मॉसफेटवर १९ व्होल्ट आहेत आणि मेन लाइनवर काही नाही, तर चार्जिंग आयसीने दार उघडलेलं नाही. बीक्यू२४७८०एसवर अडॅप्टर लागल्याचं ओळखणाऱ्या एसीडेट पिनला २.४ व्होल्टपेक्षा जास्त मिळतात का, आणि पुढे 'अडॅप्टर ठीक' सांगणाऱ्या एसीओके पिनवरचं व्होल्टेज वर जातं का, हे बघा. या एका आयसीची डेटाशीट नीट वाचून काढली तर इतर चार्जिंग आयसींची बरीच भाषा समजायला लागते. नुसते व्हिडिओ बघून येणारी मुलं इथेच अडतात.

मेन लाइनच ग्राउंडला शॉर्ट असेल, तर बाहेरून व्होल्टेज सोडून काय तापतं ते बघायचा मोह होतो. थांबा. आधी प्रोसेसरच्या आणि ग्राफिक्सच्या सप्लायमधले वरचे, म्हणजे मेन लाइनकडचे, मॉसफेट तपासा. त्यातला एखादा आरपार शॉर्ट असेल, तर तुम्ही सोडलेलं व्होल्टेज थेट चिपच्या कोअरवर जाईल. म्हणून एक व्होल्टच्या आसपासच सोडायचं, १९ नाही. आणखी एक गोष्ट: ग्राफिक्स चिपच्या कॉइलपासून ग्राउंडपर्यंत मीटरने एका ओहमपेक्षाही कमी दाखवलं तर घाबरू नका. मोठ्या चिपचं ते नेहमीचं रीडिंग असू शकतं. ते बघून "जीपीयू गया" सांगितलेली मशीन आमच्याकडे येतात आणि दुसराच एखादा कपॅसिटर बदलून सुटतात.

हीटसिंक उचलताना आत पेस्ट आहे की लिक्विड मेटल, हे मॉडेल पाहून आधीच शोधा. लिक्विड मेटलमधून वीज वाहते. त्याचा थेंब बारीक कपॅसिटरांवर सांडला, तर नवीनच दुखणं मागे लागतं.

"बॉडी को हाथ लगाओ तो झुनझुनी आती है" ही तक्रार हॉस्टेलची. तीन पिनचा अडॅप्टर दोन पिनच्या एक्सटेन्शनवर लावलेला असतो, अर्थिंग मिळत नाही, आणि अडॅप्टरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून येणारा थोडासा करंट बॉडीवर जाणवतो. बोर्ड उघडू नका, सॉकेट बदलायला सांगा.

मशीन परत देताना नुसतं चार्जिंगचं चिन्ह दाखवून देऊ नका. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्हींवर एकदम लोड टाकून अर्धा तास चालवा, बॅटरीचा सुरुवातीचा आणि शेवटचा टक्का पावतीवर लिहा, आणि गिऱ्हाइकाच्या अडॅप्टरचे वॅटही तिथेच टिपून ठेवा. पुढच्या वेळी तो दुसराच चार्जर घेऊन आला, तर पावती काढली की लगेच कळतं.