विद्यापीठाशी संशोधन करार: कोकणातील लघुउद्योजकांनो, या चुका टाळा

दापोलीचे कृषी विद्यापीठ, लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि रत्नागिरीत उपकेंद्र असलेले मुंबई विद्यापीठ यांना एकाच नियमावलीने बांधले आहे असे समजून बोलणी सुरू करणे, ही पहिली चूक. कृषी विद्यापीठांना १९८३ चा कायदा, मुंबई विद्यापीठाला २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आणि लोणेऱ्याला स्वतंत्र कायदा लागू आहे. म्हणून करारावर सही करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी लेखी विचारावे. प्राध्यापकांचा होकार कितीही मनापासूनचा असला तरी तो विद्यापीठाचा होकार नव्हे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे 'पेटंट दोघांच्या नावे' एवढ्यावर समाधान मानणे. पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर प्रत्येक सहमालक पेटंट स्वतःसाठी वापरू शकतो आणि त्यातल्या नफ्याचा हिशेब दुसऱ्याला देणे त्याच्यावर बंधनकारक नसते. मात्र इतर सहमालकांच्या संमतीशिवाय त्याला तिसऱ्या कोणाला वापराचा परवाना देता येत नाही किंवा आपला हिस्सा विकता येत नाही. विद्यापीठाकडे कारखाना नसतो, त्यामुळे त्याचे उत्पन्न परवान्यातूनच येणार. उद्योजक मात्र स्वतः माल काढून मोकळा होतो. सुरुवातीला ही व्यवस्था उद्योजकाच्या फायद्याची वाटते, पण उद्या कोकम आगळाची तीच प्रक्रिया सावंतवाडीच्या दुसऱ्या कारखानदाराला परवान्याने द्यायची झाली, की दुखावलेले विद्यापीठ संमती अडवू शकते. उत्पादन, क्षेत्र, मुदत, स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) आणि परवान्याची संमती या बाबी प्रयोग सुरू होण्यापूर्वीच ठरवाव्यात. सामंजस्य कराराच्या समारंभात काढलेल्या छायाचित्रातून यांतले काहीच ठरत नसते.

विद्यार्थ्याचा प्रबंध किंवा शोधनिबंध पेटंट अर्जाआधी प्रसिद्ध झाला, तर पेटंटसाठी लागणारे शोधाचे नावीन्य बहुधा संपते. विद्यार्थ्याची पदवी रोखून धरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याऐवजी आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करावा. पूर्ण तपशील देण्यास त्यानंतर १२ महिने मिळतात. लघुउद्योगाला मिळणाऱ्या शुल्क सवलतीसाठी 'उद्यम' या लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा पुरावा सोबत जोडावा.

वेळापत्रकाकडेही बहुतेकांचे दुर्लक्ष होते. शासकीय आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, तर कोकम त्यानंतर एप्रिल-मे महिन्यांत पिकते. मंजुरी आणि खरेदीचे टप्पे हंगामाशी जुळवून करारात लिहिले नाहीत, तर ताज्या फळांवरची चाचणी पुढच्या वर्षावर जाते.