खान्देशच्या उन्हात कोणता कुत्रा निभावेल?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे कुत्र्याची जात ठरवताना रूप, किंमत किंवा शेजाऱ्यांचे कौतुक यांच्या आधी आपल्या घरातील दुपारचा विचार करावा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हे धापा टाकणेच नीट जमत नाही, तर सायबेरियन हस्कीच्या अंगावर थंड प्रदेशासाठी घडलेला केसांचा दुहेरी थर असतो. अशी जात आणायची असेल, तर कुलर पुरेल का आणि भरदुपारी वीज गेली तर काय, हे आधी ठरवावे. पत्र्याच्या घरात तर ती आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेथे कुत्रा बसणार, त्या ओट्यावर दुपारी तीन वाजता हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका सोसला नाही, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

लॅब्राडोर माणसाळू खरा, पण प्रौढ नर तीस किलोंच्या पुढे सहज जातो आणि त्याला रोज भरपूर पळवावे लागते. घरातील सगळी माणसे दिवसभर केळीच्या मळ्यात असतील, तर बांधून ठेवलेला हा कुत्रा चपला, पायपुसणी, खाटेची नवार, काहीही कुरतडतो. शिवाय त्याची ओढ घरातील आजींना झेपेल का, हेही पाहावे. आखूड केसांचे गावठी पिल्लू इथल्या हवेला सरावलेले असते. रेबीजची लस मात्र त्यालाही चुकत नाही.