बीपीची वही फोनवर कशी ठेवावी

नौपाड्यातल्या आमच्या घरी बाबांच्या बीपीचे आकडे तीन ठिकाणी असायचे: कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाच्या वहीत आणि औषधाच्या रिकाम्या पाकिटावर. डॉक्टरांनी "मागच्या आठवड्यातले दाखवा" म्हटलं की आई पिशवी उलटी करायची. मी ऐरोलीला वेबसाइटचीच कामं करतो, म्हणून रविवारी बसून सोय केली. पण पहिल्या आठवड्याचे आकडे कामाचेच नव्हते. बाबा तलावपाळीला दोन फेऱ्या मारून, तीन मजले चढून आले की लगेच पट्टा बांधत, आणि समोर चहा.

म्हणून आधी मोजणं. मनगटाचं नको, दंडाला बांधायचं मशीन घ्या. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पडला तर आकडा जास्त येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर बांधा आणि हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवा. मोजताना बोलायचं नाही (आमच्याकडे सगळ्यात अवघड हेच). एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी औषध घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस.

आता नोंद. ॲप शोधत बसू नका. गूगल फॉर्म पुरतो. त्यात तीनच प्रश्न ठेवा: वरचा आकडा, खालचा आकडा, नाडीचे ठोके. तारीख-वेळ विचारू नका, ती आपोआप पडते. वरच्या आकड्याला ७० ते २५० अशी मर्यादा घाला, म्हणजे १३२ च्या जागी १३२२ टाइप झालं तर फॉर्म अडवतो. फॉर्म क्रोममध्ये उघडून तीन ठिपक्यांतून होम स्क्रीनवर जोडा. बाबांना आता फक्त एक चौकोन दाबायचा असतो.

उत्तरं गूगल शीटला (म्हणजे ऑनलाइन तक्त्याला) जोडली की पहिला दिवस वगळून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळीचा डोस मात्र आपल्या मनाने हलवायचा नाही. आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय किंवा एक बाजू लुळी वाटतेय, तर शीट भरत बसू नका, थेट १०८ ला फोन करा.

शीट शेअर करताना लिंकवाल्या सगळ्यांना उघडी ठेवू नका. ज्याला हवी त्याचा ईमेल घाला आणि फक्त बघण्याची परवानगी द्या. आमच्याकडे ही चूक झाली होती: पुण्याच्या आत्याने कौतुकाने उघडून शेवटची ओळ पुसली, आणि बाबा दोन दिवस तिच्याशी फोनवर नीट बोलले नाहीत.